सिमकार्डाच्या पोटात फाईली असतात म्हणजे नक्की काय असतं?

परवा आतेभावाचा फोन. पठ्ठ्याने ऑनलाइन सहा-सातशे रुपयांचा यूएसबी कार्ड रीडर मागवला होता, ड्रॉवरमधलं जुनं सिम ॲडॅप्टरमध्ये बसवून त्यात सरकवलं होतं, आणि वैतागून विचारत होता की दादा लाईट लागतोय पण ड्राइव्ह काही दिसेना, सिम गेलं का रे? सिम ठणठणीत होतं. त्याला वाटलेलं पेनड्राइव्हसारखं उघडेल, आत कॉन्टॅक्टची एक फाईल, मेसेजची एक फाईल, राईट क्लिक, कॉपी, विषय संपला. म्हटलं बाबा, त्यात फाईली आहेत पण तुला वाटतायत तशा नाहीत, आणि प्रोग्रॅमही आहे पण तोही तुला वाटतोय तसा नाही. मग तासभर फोनवर त्याचं जे डोकं खाल्लं तेच इथे लिहून काढतोय, कारण दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी मला हे विचारतंच.

पेनड्राइव्ह म्हणजे उघडं कपाट. स्मार्ट कार्ड, मग ते सिम असो, एटीएम कार्ड असो की लायसन्स, म्हणजे तहसील कचेरीतली रेकॉर्ड रूम. तुम्हाला आत प्रवेश नाही. बाहेर एक खिडकी, खिडकीत एक कारकून. ठराविक नमुन्यात अर्ज लिहायचा, आत सरकवायचा, कारकून तो वाचणार, तुमचा अधिकार आहे का बघणार, असेल तर दप्तरातून कागद काढून नक्कल देणार, नसेल तर शेरा मारून अर्ज परत. आणि हे नुसतं समजायला सोपं जावं म्हणून सांगत नाहीये, चिपची वायरिंगच तशी आहे. त्या सोनेरी पट्टीवर आठ नाहीतर सहा चौकोन असतात, त्यातला एक वीज द्यायला, एक ग्राउंड, एक रिसेट, एक क्लॉक आणि डेटाची ये-जा व्हायला फक्त एक. जायचं त्यावरूनच आणि यायचंही त्यावरूनच. मेमरीची एकही तार बाहेर आलेली नाही. मेमरीपर्यंत पोचायचं तर मध्ये बसलेल्या प्रोसेसरला विचारूनच, आणि प्रोसेसर चालतो त्याच्या आतल्या प्रोग्रॅमवर. तो प्रोग्रॅम म्हणजे आपला कारकून.

अर्जाला एपीडीयू म्हणतात आणि त्याचा नमुना आयएसओ ७८१६ नावाच्या स्टँडर्डमध्ये ठरवून दिलाय. पहिला बाइट अर्ज कुठल्या खात्याचा ते सांगतो, दुसरा बाइट काम काय ते, मग दोन बाइट तपशील, मग पुढे किती बाइट डेटा येतोय किंवा किती हवाय तो आकडा. उत्तराच्या शेवटी कायम दोन बाइटचा शेरा. ९० ०० आलं की काम झालं, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर बाकी काहीही आलं की कपाळाला हात. जे लोक दिवसभर कार्डांवर काम करतात त्यांच्या डोळ्यांना ते नव्वद शून्य शून्य दिसलं की चहा प्यायल्यासारखं वाटतं.

आतेभावाच्या सिमवर आम्ही पहिला अर्ज टाकला तो असा: ए० ए४ ०० ०० ०२ २एफ ई२. हे आकडे हेक्समधले आहेत, म्हणजे ९ झालं की ए, बी, सी, डी, ई, एफ आणि मग १०. ए० म्हणजे जुनं जीएसएम खातं (जीएसएम म्हणजे टू-जीच्या काळातली मोबाइल पद्धत), ए४ म्हणजे 'ही फाईल काढून टेबलावर ठेव', ०२ म्हणजे पुढे दोन बाइट येतायत, आणि २एफई२ हे फाईलचं नाव. हो, नाव म्हणजे फक्त दोन बाइटचा नंबर, 'कॉन्टॅक्ट्स' वगैरे काही नाही. उत्तर आलं ९एफ ०एफ, म्हणजे सापडली, तिच्याबद्दल पंधरा बाइट माहिती आहे, हवी तर माग. आम्हाला ती नको होती, लगेच ए० बी० ०० ०० ०ए टाकलं, म्हणजे 'सुरुवातीपासून दहा बाइट वाचून दाखव', आणि आलं ९८ १९ वगैरे वगैरे. त्याच्या सिमवर छापलेला लांबलचक नंबर ८९९१ ने सुरू होत होता. ८९ म्हणजे टेलिकॉम, ९१ म्हणजे भारत. कार्डात प्रत्येक बाइटमधले दोन अंक उलटे लिहिलेले असतात म्हणून ८९ चं ९८ आणि ९१ चं १९. हे बघून तो जो खूश झाला, म्हणाला दादा हे तर खरंच बोलतंय!

आता ही फाईलींची मांडणी. सगळ्यात वर एक मुख्य फाईल, तिचा नंबर कायम ३एफ००. तिच्याखाली फोल्डरसारख्या फाईली, उदाहरणार्थ ७एफ१० टेलिकॉमची आणि ७एफ२० जीएसएमची, आणि त्यांच्या पोटात खरा डेटा ठेवणाऱ्या फाईली. ६एफ०७ मध्ये तुमचा आयएमएसआय, म्हणजे नेटवर्क तुम्हाला ज्या नंबराने ओळखतं तो, भारतातला असेल तर ४०४ किंवा ४०५ ने सुरू होणारा. ६एफ३ए मध्ये फोनबुक. ६एफ३सी मध्ये एसएमएस. हे नंबर कंपनीगणिक बदलत नाहीत, जगातल्या कुठल्याही जुन्या सिममध्ये फोनबुक ६एफ३ए मध्येच, म्हणून तर कुठलंही सिम कुठल्याही फोनमध्ये चालायचं. एक गंमत म्हणजे आतल्या फाईलींची यादी मागायची सोय नाही. फोल्डर उघडलं की आत किती फाईली आहेत ते कार्ड सांगेल, कुठल्या ते सांगणार नाही. नंबर तुम्हाला माहीत असायला हवा, नाहीतर एकेक नंबर टाकून बघत बसा.

प्रत्येक फाईलवर ती बनवतानाच नियम लिहिलेले असतात की वाचायचं कोणी आणि लिहायचं कोणी. तो सिमवर छापलेला नंबर वाचायला काही लागत नाही पण बदलता कोणालाच येत नाही, अगदी कंपनीलाही नाही. आयएमएसआय वाचायला पिन लागतो, बदलायला कंपनीची किल्ली. फोनबुक वाचायला-लिहायला दोन्हीला पिन. आपण बहुतेक जण सिमचा पिन बंदच ठेवतो म्हणून हे कधी जाणवत नाही, पण आतेभावाच्या त्या जुन्या सिमवर कधीकाळी कोणीतरी पिन लावून ठेवला होता, त्यामुळे आयएमएसआय वाचायला गेल्यावर शेरा आला ९८ ०४. अधिकार नाही. हा शेरा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

डेटा ठेवायच्या फाईली तीन तऱ्हेच्या. एक सरळ पट्टी, बाइटामागे बाइट, आयएमएसआय असाच असतो. दुसरी वहीसारखी, सारख्या लांबीच्या ओळी, फोनबुक आणि एसएमएस अशा. तिसरी रहाटगाडग्यासारखी, शेवटचे डायल केलेले नंबर त्यात, नवीन लिहिलं की सगळ्यात जुनं जातं आणि नवीन कायम पहिल्या नंबरवर. एसएमएसची प्रत्येक ओळ १७६ बाइटची, मेसेज 'हो' एवढाच असला तरी १७६. नोकियाच्या जमान्यात पाकीट चमकायला लागायचं आणि जागा नाही म्हणायचं ते यामुळे, ओळी संपलेल्या असायच्या. ओळीचा पहिला बाइट फक्त स्थिती सांगतो, रिकामी, वाचलेला, न वाचलेला. काही जुने फोन मेसेज डिलीट करताना तेवढा एक बाइट शून्य करायचे आणि बाकीचे १७५ तसेच सोडायचे, त्यामुळे डिलीट केलेला मेसेज कार्डात निवांत पडून असायचा, आणि पोलिसांच्या फॉरेन्सिकवाल्यांना त्याचा चांगलाच उपयोग झाला.

फोनबुकची ओळ मात्र जरा जवळून बघण्यासारखी आहे कारण आपल्या मराठीचा त्यात थेट संबंध येतो. साधारण सिममध्ये ही ओळ २८ बाइटची, त्यात नावाला १४ आणि उरलेले १४ नंबर वगैरेला. म्हणून सिमवर सेव्ह केलेली नावं तुटायची, आणि एका नावाला एकच नंबर बसायचा, मग 'पप्पा १', 'पप्पा २' असं करावं लागायचं. नंबराच्या आधी एक बाइट असतो ९१, तो बघून आपल्याला वाटतं हा भारताचा कोड, पण नाही, तो जगभर ९१ च असतो, त्याचा अर्थ 'पुढचा नंबर आंतरराष्ट्रीय पद्धतीचा आहे' एवढाच. भारताचा ९१ त्याच्या पुढे येतो, उलटा होऊन, १९. मी सुरुवातीला यात पुरता फसलो होतो.

आता नाव इंग्रजीत असेल तर एका अक्षराला एक बाइट, चौदा अक्षरं बसतात. देवनागरीत लिहिलं तर? सरळ पद्धत अशी की पहिला बाइट ८० आणि मग प्रत्येक चिन्हाला दोन-दोन बाइट. 'मावशी' म्हणजे म, काना, व, श, दीर्घ वेलांटी, अशी पाच चिन्हं, म्हणजे अकरा बाइट, बसलं. पण 'सुलभामावशी' लिहा, दहा चिन्हं, एकवीस बाइट, मग पहिली सहाच चिन्हं बसतात आणि फोनवर दिसतं 'सुलभाम'. पण जीएसएमच्याच स्टँडर्डमध्ये दुसरी एक हुशार पद्धत आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, आपली सगळी देवनागरी १२८ जागांच्या एका पट्ट्यात बसते, मग दर वेळी पूर्ण पत्ता कशाला लिहायचा? पट्टा कुठला ते एकदाच सांगायचं आणि पुढे फक्त पट्ट्यातला घर नंबर. त्यात 'मावशी' होते ८१ ०५ १२ एई बीई बी५ बी६ सी०. ८१ म्हणजे ही पद्धत, ०५ म्हणजे पाच चिन्हं, १२ म्हणजे देवनागरीचा पट्टा, आणि पुढे एका चिन्हाला एकच बाइट. आठ बाइटमध्ये काम झालं. सुलभामावशी तेरा बाइटमध्ये अख्खी बसते. गंमत म्हणजे जीएसएमच्या स्टँडर्डमध्ये या पद्धतीचं जे उदाहरण दिलंय ते बंगाली पट्ट्याचं आहे, आपल्या अगदी शेजारच्या पट्ट्याचं.

अजून एक फाईल, ६एफ७ई, अकरा बाइटची. फोन शेवटी कुठल्या भागात होता ते तिच्यात लिहिलेलं असतं, म्हणजे फोन परत चालू केला की नेटवर्क पटकन सापडतं. तुम्ही स्वारगेटहून कोल्हापूरच्या एसटीत बसलात की वाटेत नेटवर्कचे भाग बदलतात तशी ही फाईल परत परत लिहिली जाते. कार्डातली मेमरी, ज्याला ईईपीरॉम म्हणतात, ती वीज गेली तरी टिकते पण एकाच जागी लाख ते पाच लाख वेळा लिहिलं की झिजते. म्हणून स्टँडर्डमध्येच या फाईलवर 'इथे सारखं लिहिलं जातं' असा शेरा मारून ठेवलाय, कार्ड बनवणाऱ्याने तिची जास्त सोय करायची.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच फाईलमध्ये वाचायला मिळत नाही. सिमचं खरं रहस्य म्हणजे १६ बाइटची गुप्त किल्ली. ती वाचायचा अर्जच अस्तित्वात नाही. नेटवर्क १६ बाइटचा एक आकडा पाठवतं, कार्ड आतल्या आत त्या आकड्यावर आणि किल्लीवर हिशेब करून चार बाइटचं उत्तर देतं, नेटवर्कने तोच हिशेब आपल्याकडे केलेला असतो, जुळलं की तुम्ही खरे. किल्ली बाहेर येतच नाही. एवढं करूनही १९९८ मध्ये अमेरिकेत ब्रिसेनो, गोल्डबर्ग आणि वॅग्नर या तिघांनी दाखवलं की बऱ्याच सिममधला तो हिशेब, कॉम्प १२८ नावाचा, इतका कच्चा आहे की निवडक आकडे साधारण दीड लाख वेळा विचारले की उत्तरांवरून किल्ली काढता येते. कारकुनाने कागद दिला नाही, पण इतके प्रश्न विचारले की त्याच्या बोलण्यातून कळलं! सिम क्लोनिंगच्या ज्या गोष्टी तेव्हा ऐकायला यायच्या त्या इथून आल्या.

इथपर्यंत सगळं फाईलींचं झालं. मग प्रोग्रॅम कुठे असतो?

सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे २००० सालच्या आसपास युरोपात मिळायचं ते गोल्ड कार्ड. सोनेरी रंगाचं प्लास्टिक, आत चक्क दोन वेगळ्या चिप, एक पिक १६एफ८४ हा बारका प्रोसेसर आणि दुसरी २४सी१६ ही दोन केबीची मेमरी. प्रोग्रॅमला जागा १०२४ सूचनांची आणि रॅम फक्त ६८ बाइट, तुमच्या एका व्हॉट्सॲप फॉरवर्डपेक्षा कमी. या कार्डाला खरोखर दोन फाईली लागायच्या, एक प्रोग्रॅमची जी पिकमध्ये जायची आणि एक डेटाची जी मेमरीत जायची. आता मजा बघा, मेमरी चिपच्या तारा पिकलाच जोडलेल्या, बाहेर नाहीत. मग डेटा आत घालायचा कसा? तर आधी पिकमध्ये एक हमाल प्रोग्रॅम टाकायचा ज्याचं काम फक्त बाहेरून आलेले बाइट उचलून मेमरीत ठेवायचं, त्याच्याकडून डेटा फाईल भरून घ्यायची, मग त्या हमालाला पुसून त्याच्या जागी खरा प्रोग्रॅम टाकायचा. क्रम चुकला की कार्ड मुकं. यातली बरीच कार्डं फुकट सॅटेलाइट टीव्ही बघायच्या उद्योगात गेली हे खरं, पण शिकायला याच्याइतकं उघडं कार्ड परत झालं नाही.

दुसऱ्या टोकाला आपलं लायसन्स. भारतातल्या चिपवाल्या लायसन्सची आणि आरसीची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे स्कोस्टा, आयआयटी कानपूर आणि एनआयसी या सरकारी कॉम्प्युटर संस्थेने मिळून बनवलेलं स्टँडर्ड. त्यात फाईली आहेत, किल्ल्या आहेत, नियम आहेत, पण नवा प्रोग्रॅम घालायची सोय नाही. कारकून कारखान्यातून आला तो आला, तुम्ही फक्त दप्तर भरायचं.

या दोघांच्या मधली वाट म्हणजे जावा कार्ड. १९९६ मध्ये श्लुम्बर्जे कंपनीच्या लोकांनी ही टूम काढली आणि आज बहुतेक सिम आणि बरीच बँक कार्डं त्यावर चालतात. कल्पना अशी की कार्डात एक ऑपरेटिंग सिस्टिम कायमची, आणि तिच्यावर छोटे छोटे प्रोग्रॅम, ज्यांना ॲपलेट म्हणतात, ते नंतर घालता येतात आणि काढताही येतात. भाषा जावा, पण इतकी छाटलेली की ओळखू येणार नाही, दशांश आकडे नाहीत, शब्द ठेवायला स्ट्रिंग नाही, दोन बाइटचा आकडा हा नेहमीचा सगळ्यात मोठा आकडा. कॉम्प्युटरवर जावाचा प्रोग्रॅम कंपाइल केला की क्लास फाईल तयार होते, तिचे पहिले चार बाइट हेक्समध्ये वाचले तर 'कॅफे बेब' असं दिसतं, जावा म्हणजे कॉफी म्हणून केलेला चावटपणा. तीच क्लास फाईल कन्व्हर्टरमधून काढली, सगळी नावं-बिवं उडवून आकडे केले, की कार्डासाठी कॅप फाईल तयार होते, आणि तिचा शिक्का काय तर 'डीकॅफेड', कॅफिन काढलेली! स्टँडर्ड लिहिणारी माणसंसुद्धा कंटाळलेली असतात हो.

ही कॅप फाईल कार्डात 'कॉपी' होत नाही. आधी कार्डाच्या मॅनेजर प्रोग्रॅमला किल्ल्या दाखवून ओळख पटवायची, मग 'अमुक प्रोग्रॅम येतोय' असा अर्ज, मग फाईलचे दोनशे-अडीचशे बाइटचे तुकडे एकामागून एक, दहा केबीचा ॲपलेट असेल तर चाळीसेक अर्ज होतात. कार्ड ते तुकडे घेता घेता आपल्या मेमरीत जोडून बसवतं. शेवटचा तुकडा गेला की फाईल म्हणून काही उरतच नाही, दुधात साखर विरघळावी तसं. ती परत बाहेर काढायचा अर्ज नाही. मग 'आता याची एक प्रत उभी कर' असा अजून एक अर्ज, त्याने ॲपलेटचा खरा जन्म होतो आणि त्याला पाच ते सोळा बाइटचं नाव मिळतं. काढतानाही हाच क्रम उलटा, आधी प्रत, मग मूळ, नाहीतर कार्ड ६९ ८५ म्हणून तोंडावर दार लावतं. किल्ल्यांशी मात्र खेळू नका. कोऱ्या टेस्ट कार्डांवर ४०, ४१, ४२ पासून ४एफ पर्यंत अशी सगळ्यांना ठाऊक असलेली किल्ली असते, पण ती नसेल आणि तुम्ही नुसत्याच मारत बसलात तर बरीच कार्डं दहा चुकांनंतर कायमची बंद होतात. मी एक असं मारलंय, टेबलावर चहाच्या कपाखाली ठेवायला वापरतो.

सिममध्ये तर हे सगळं हवेतून होतं. जुन्या फोनमध्ये क्रिकेट, जोक, राशिभविष्य असा जो 'सिम सर्व्हिसेस' मेनू अचानक उगवायचा तो म्हणजे सिममधला ॲपलेट, आणि कंपनी खास एसएमएस पाठवून तो बदलू शकायची, तुमच्या फोनवर टिंग न होता. २०१३ मध्ये बर्लिनच्या कार्स्टन नोलने दाखवलं की काही सिममध्ये या एसएमएसना डीईएस या जुन्या गुप्तलिपी पद्धतीचंच ५६ बिटचं कुलूप आहे, चुकीचा एसएमएस पाठवला तर सिम आपल्या किल्लीने सही केलेला जो नकार पाठवतं त्यावरूनच किल्ली शोधता येते, आणि मग कोणीही आपला ॲपलेट तुमच्या सिममध्ये बसवू शकतो. नकार देताना सही करू नये, एवढाच बोध त्या सिमने घ्यायला हवा होता.

जावा कार्डात डेटा कुठे ठेवतात हे मला स्वतःला कळायला वेळ लागला. मी एका ओळखीच्या मेसवाल्या काकूंसाठी थाळी कार्ड करत होतो, महिन्याच्या साठ थाळ्या भरायच्या, जेवलं की एक कमी. प्रोग्रॅममध्ये 'शिल्लक' नावाचा दोन बाइटचा एक आकडा. कॉम्प्युटरवर असा आकडा प्रोग्रॅम बंद झाला की जातो, म्हणून आपण फाईलमध्ये लिहून ठेवतो. जावा कार्डात फाईल लागतच नाही, कारण प्रोग्रॅम कधी बंदच होत नाही. कार्ड रीडरमधून काढलं की तो मेल्यासारखा वाटतो पण नियमाप्रमाणे तो फक्त गोठतो, वीज आली की तिथून पुढे. त्याच्या वस्तू ईईपीरॉममध्येच जन्मतात आणि तिथेच राहतात. मला हे वाचून माहीत होतं पण अंगात मुरलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक थाळीला हिशेबासाठी म्हणून मी ३२ बाइटची एक नवीन कच्ची वही उघडत होतो, कॉम्प्युटरवर करतो तशीच बिनधास्त. टेस्टिंगला एक हजार थाळ्यांचा लूप लावला आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर आठशे-नऊशेच्या आसपास कार्ड ६एफ ००, म्हणजे 'काहीतरी बिघडलंय', एवढंच म्हणून गप्प. प्रत्येक थाळीची कच्ची वही ईईपीरॉममध्ये कायमची पडून राहिली होती आणि ती उचलायला कोणी झाडूवाला नव्हता. तेव्हापासून नियम, जे काही लागणार आहे ते ॲपलेटच्या जन्माच्या वेळी एकदाच मागून घ्यायचं, आणि कच्च्या कामाला रॅममधली तात्पुरती जागा, जी कार्ड काढलं की आपोआप कोरी होते.

मग पुढचा प्रश्न, शिल्लक एकाने कमी केली आणि त्याच क्षणी पोराने कार्ड ओढून काढलं तर? थाळी गेली पण नोंद नाही. यासाठी ट्रान्झॅक्शन असतं, 'इथपासून इथपर्यंत सगळं होईल नाहीतर काहीच होणार नाही' असं सांगायचं, मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी कार्ड जागं होताना आधी जुनी स्थिती परत आणतं आणि मगच बोलायला लागतं. फक्त एक गोष्ट या नियमातून मुद्दाम बाहेर ठेवलीय, पिन किती वेळा चुकला त्याचा आकडा. तो परत आणला तर चोर चुकीचा पिन टाकेल, वीज तोडेल, परत टाकेल. पूर्वीच्या काही कार्डांत पिन आधी तपासायचे आणि चुकला तर मग आकडा कमी करायचे, लोक करंट मोजून ओळखायचे की आता हा लिहायला निघाला आणि बरोबर तेव्हा वीज काढून घ्यायचे. म्हणून आता आधी एक संधी कापायची, मग पिन बघायचा, बरोबर असेल तर संधी परत द्यायची. हे मला फार आवडतं, आधी पावती फाडा मग ऐकून घेऊ.

आता हे दोन्ही धागे एकत्र बांधतो. बँकेच्या कार्डाला मशीन आधी ॲपलेट निवडायला सांगतं, रुपे असेल तर ए० ०० ०० ०५ २४ १० १०, मग कार्ड सांगतं अमुक फाईलच्या अमुक ओळी वाच, मशीन त्या वाचतं, त्यात कार्ड नंबर, मुदत, सगळं. ई-पासपोर्टमध्येही तसंच, भारतात ते २०२४ पासून प्रायोगिक स्वरूपात द्यायला लागले आणि छापले जातात आपल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये, त्यात ०१०१ नंबरच्या फाईलमध्ये पानावरच्या खालच्या दोन ओळी, ०१०२ मध्ये फोटो, ०११डी मध्ये सरकारी सही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आत फाईलींचं झाड आहे. पण जावा कार्ड असेल तर आत झाड नसूही शकतं, ॲपलेटने आपल्या वस्तूंमध्ये डेटा कसाही ठेवलेला असतो आणि कोणी 'फाईल दोन, ओळ एक' मागितली की तो तसा कागद जागच्या जागी तयार करून देतो. रीडरला फरक कळत नाही आणि कळायची गरजही नाही. म्हणून म्हणतो, कार्डातली फाईल ही कपाटातली वस्तू नाही, खिडकीवर बोलायची एक ठरलेली भाषा आहे.

एवढं सगळं ऐकून आतेभाऊ म्हणाला कळलं, आता मी करतो. रात्री अकराला परत फोन. आयएमएसआय वाचताना ९८ ०४ येत होता ना, तर याने पिन म्हणून १२३४ टाकला, ९८ ०४. चार शून्य टाकले, ९८ ०४. याला वाटलं तोच मघाचा शेरा आहे, पिनपर्यंत अजून पोचलोच नाही, काहीतरी अर्जच चुकतोय. जुन्या जीएसएममध्ये 'अधिकार नाही' आणि 'पिन चुकला, पण अजून संधी आहे' या दोन्हीला तोच एक शेरा आहे हे मी सांगायचं विसरलो होतो. तिसऱ्यांदा आपलं जन्मसाल टाकलं आणि ९८ ४० आलं. कुलूप. आता पीयूके, म्हणजे अडकलेला पिन सोडवायचा नंबर, लागणार, त्याच्या दहा संधी, आणि तो छापलेला असतो त्या मोठ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर ज्यातून सिम तोडून काढतात, आणि जो आत्याने बहुतेक पंधरा वर्षांपूर्वीच दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकला असणार.